चार मिनिटांची निरवानिरव

लाइट गेली की आमची आई आधी कान देते. डीपीच्या बाजूने ‘फट्’ असा आवाज आला असेल तर म्हणते, “फ्यूज उडाला. वायरमन येईपर्यंत काही खरं नाही.” आवाज नसेल तर पडवीत येऊन समोरच्या आळीकडे बघते. तिथे उजेड असेल तर “आपलीच फेज गेली.” तिथेही काळोख असेल तर चप्पल अडकवून रस्त्यापर्यंत जाते आणि बाजारपेठेच्या दिशेने नजर टाकते. सगळं आमचं म्हसळा गाव काळं दिसलं की परत येते, मिक्सरच्या भांड्यातलं अर्धवट वाटण पाट्यावर काढते आणि निकाल देते, “मेन लाइन गेली. जेवून घ्या.” तिने विजेचं शिक्षण घेतलेलं नाही; चाळीसेक पावसाळे या गावात काढलेत, एवढंच. तिचा निकाल सहसा चुकत नाही.

तसं बघायला गेलं तर वीज आमच्याच जिल्ह्याची लेक. टाटांनी १९१५ साली खोपोलीला पाण्यावर वीज तयार केली, मग १९२२ ला भिवपुरीला आणि १९२७ ला कोलाडच्या पलीकडे भिऱ्याला. तिन्ही गावं तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातली. आम्ही तेव्हा जंजिऱ्याच्या नवाबाच्या संस्थानात, रॉकेलच्या चिमणीखाली. वीज मात्र जन्मली तशी तारेवर चढून तडक मुंबईला गेली, गिरण्या चालवायला. कोकणातल्या पोरांनी पुढे तेच केलं, त्यामुळे तिला दोष देता येत नाही. तीही चाकरमानीच. आणि चाकरमान्यांसारखीच गणपतीत घरी असते, आरतीच्या वेळेला गेली तरी प्रसादापर्यंत परत येते. बाकी पावसाळाभर तिचा भरवसा नाही.

मी या गावात कॉम्प्युटरची कामं करतो. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढण्यापासून एका पतसंस्थेचा सर्व्हर सांभाळण्यापर्यंत सगळी. संस्थेचं नाव सांगत नाही. ठेवीदार वाचतील आणि उद्या सकाळी दारात रांग लागेल. सर्व्हर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर थंडगार खोली आणि लुकलुकणारे निळे दिवे आले असतील तर ते आधी पुसून टाका. आमचा सर्व्हर म्हणजे मॅनेजरसाहेबांच्या खुर्चीमागे, लक्ष्मीच्या तसबिरीखाली, लाकडी स्टुलावर ठेवलेला एक काळा खोका. स्टूल अशासाठी की जुलैत फरशीला पाझर फुटतो. खोक्याच्या डोक्यावर प्लास्टिकचा कागद, कारण बरोबर वर एक कौल फुटकं आहे आणि ते बदलायचा ठराव तीन वार्षिक सभांमध्ये मंजूर झालेला आहे. स्टुलाखाली यूपीएस. त्याला संस्थेत सगळे ‘बॅटरी’ म्हणतात.

या बॅटरीबद्दल सर्वांची एक ठाम समजूत होती: ती आहे म्हणजे सर्व्हर बंद पडणार नाही. शिपाईमामांची समजूत तर याहून उदार होती. एकदा लाइट गेल्यावर त्यांनी साहेबांच्या चहाची इलेक्ट्रिक किटली यूपीएसच्या मोकळ्या सॉकेटमध्ये लावली. यूपीएसने एक लांब किंकाळी फोडली आणि सगळंच थंड झालं. मामा मला म्हणाले, “तुमची बॅटरी एक कप चहा करू शकत नाय, ती ठेवी काय सांभाळणार?”

मामांना हसण्याआधी हिशोब बघा. यूपीएसच्या पोटात १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या. गुणाकार केला तर १६८ वॅट-तास. सव्वाशे वॅट खाणारा सर्व्हर कागदावर सव्वा तासाच्या वर चालायला हवा. प्रत्यक्षात चालतो त्याच्या निम्म्याच्या आसपास, कारण भरभर उपसली तर ही बॅटरी नेमाप्रमाणे पाणी देत नाही, आणि बॅटरीच्या व्होल्टचे दोनशे तीस करताना वाटेत गळती होते ती वेगळीच. शिवाय वय. अशा बॅटरीचं आयुष्य मोजतात ते २५ अंशांवर, आणि उष्णता दर आठ-दहा अंशांनी वाढली की ते अर्ध्यावर येतं. मे महिन्यात, बंद खिडकीच्या खोलीत, स्टुलाखाली किती अंश असतात हे आमच्याकडे कोणी मोजलेलं नाही. तिथे झोपणारं मांजर एप्रिलमध्येच जागा बदलतं.

म्हणजे बॅटरी सर्व्हर चालू ठेवण्यासाठी नसतेच. ती असते नीट बंद करायला सवड मिळावी म्हणून. हे मला समजायला बरीच वर्षं गेली. साहेबांना ते अजून पटलेलं नाही. “बंदच करायचा तर बॅटरी कशाला? लाइट गेल्यावर आपोआप होतोच की बंद.”

होतो. तसा तो एका ऑगस्टमध्ये झाला. मी माणगावहून परतत होतो. साई गावाच्या पुढे फोन वाजला. “लाइट गेलीय, बॅटरी बोंबलतेय, या.” बॅटरी बोंबलणं म्हणजे दर अर्ध्या मिनिटाला पीं-पीं-पीं-पीं. घोणसे घाटाच्या वळणांवर धुकं एवढं की पुढच्या एसटीचे लाल दिवे धरून गाडी चालवायची. उतरेपर्यंत दुसरा फोन: “आता बोंबलायची थांबली.” साहेबांच्या आवाजात हायसं वाटल्याचा सूर होता. मी गाडी बाजूला घेतली आणि जरा वेळ तसाच बसलो.

त्या वेळी संस्थेत संध्याकाळची पिग्मी चढवणं चालू होतं. पिग्मी एजंट दिवसभर बाजारपेठ फिरून टपरीवाल्याकडून वीस, मासेवालीकडून पन्नास असे गोळा करून आणतात. ते खात्यांवर चढतात संध्याकाळी. संस्थेचं सॉफ्टवेअर जुनं. लिहिता लिहिता वीज गेली तर काय करायचं हे त्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं. रकमा काही खात्यांवर चढल्या, काहींवर नाही, आणि ज्या फाइलमध्ये ‘कोणत्या चढल्या’ ते लिहायचं ती उघडेचना. पुढचे दोन दिवस तीन एजंट, मी आणि मामा पावत्यांची पुस्तकं उलगडून बसलो. एका मासेवालीने काउंटरवर येऊन सांगितलं, “माझे पन्नास तुमच्या मशीनने खाल्ले असतील तर मशीनला वांत करायला लावा.” तिचे पन्नास सापडले. दुसऱ्याच्या खात्यात.

यानंतर काहीतरी करायचं ठरलं. ठरलं ते ठरावातच राहिलं. मग वादळ आलं.

३ जून २०२०, बुधवार. निसर्ग. टाळेबंदीचे दिवस, मुंबईहून आलेली माणसं घरोघर, आणि त्यात सूचना की वादळ रायगडच्याच किनाऱ्यावर चढणार. मी आदल्या दिवशी जाऊन सर्व्हर हाताने, शांतपणे बंद केला, डिस्क काढली, दोन प्लास्टिक पिशव्यांत गुंडाळली आणि घरी आणली. कुठे ठेवावी म्हणून फिरत होतो तर आई म्हणाली, “तांदळात ठेव. ओल धरणार नाही.” दुसऱ्या दिवशी दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने वारा शिरला तेव्हा एका गावच्या ठेवी आमच्या तांदळाच्या डब्यात, शेराच्या मापाशेजारी होत्या. हे ठेवीदारांना आजतागायत माहीत नाही.

वाऱ्याचं वर्णन करत नाही. ज्यांनी ऐकला त्यांना नको, आणि ज्यांनी नाही ऐकला त्यांना शब्दांनी कळणार नाही. संध्याकाळी बाहेर आलो तेव्हा ओळखीचे पत्रे अनोळखी अंगणांत पडले होते आणि सिमेंटचे खांब कंबरेत मोडून तारांसकट रस्त्यावर झोपले होते. खाली श्रीवर्धनकडे सुपारीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. लाइट जी गेली ती आठवडेच्या आठवडे. त्या दिवसांत आई रस्त्यापर्यंत जाऊन बघायचीसुद्धा थांबली. ज्याच्याकडे जनरेटर त्याच्या ओट्यावर मोबाइलची जत्रा. एका एक्स्टेन्शन बोर्डावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा.

अखेर एकदा वीज आली. डिस्क तांदळातून काढली, झटकली, लावली. चालू. एकही पैसा इकडचा तिकडे नाही. मेली होती ती बॅटरी. शिशाची बॅटरी रिकामी ठेवून विसरलात की तिच्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे खडे धरतात आणि नंतर कितीही वेळ चार्जिंगला लावा, ती घेत नाही. बऱ्याच दिवसांच्या उपाशी माणसाच्या गळ्याखाली घास उतरत नाही, तसं. फ्रान्सच्या प्लांतेने १८५९ साली ही बॅटरी बनवली तेव्हापासून तिचा हा स्वभाव आहे. दीडशेहून जास्त वर्षं झाली. माणसाने तिच्यापुढे हात टेकलेत आणि तेवढ्यावर तिच्याशीच संसार चालवलाय.

नवा यूपीएस आला. खोक्याच्या तळाशी, थर्माकोलखाली, एका पिशवीत एक वायर होती. एक टोक कॉम्प्युटरला बसेल असं, दुसरं यूपीएसच्या पाठीला. साहेबांनी ती पिशवी मोबाइलच्या चार्जिंगची समजून ड्रॉवरमध्ये ठेवली होती आणि ती मोबाइलला बसत नाही म्हणून दुकानदाराला फोनही केला होता. मी ती मागून घेतली. या वायरीतून करंट जात नाही. निरोप जातो. यूपीएस इतकी वर्षं खोलीभर पीं-पीं करून जे सांगत होता, तेच या वायरीतून सर्व्हरच्या कानात हळू सांगतो: लाइनीवर आहे, बॅटरीवर आलोय, बॅटरी आटत आलीय. बोंब कुणाला तरी ऐकू यावी लागते. निरोपाला माणूस लागत नाही.

निरोप ऐकणारा प्रोग्राम फुकट मिळतो. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं घेतली की शब्द होतो ‘नट’. आम्हाला हे नाव फारच आवडलं. मामांना वाटलं मी संस्थेत नाटक बसवतोय. चुकीचंही नाही, पडद्यामागे तिघं असतात. एकजण यूपीएसची भाषा जाणतो, आणि ही भाषा कंपनीगणिक वेगळी. दुसरा त्याच्याकडून ऐकून जो विचारील त्याला सांगतो. तिसरा नुसता बघत बसतो, आणि वेळ आली की तोच पडदा पाडतो.

त्यातली एक रीत मला फार भावली. एका यूपीएसवर दोन-तीन यंत्रं असतील तर त्यातलं एक यजमान. बॅटरी आटली की यजमान बाकीच्यांना सांगतो, आवरा. मग थांबतो. सगळे बंद होऊन उठून गेले, किंवा पंधरा सेकंद वाट पाहून झाली, की आणखी पाच सेकंद देतो आणि मग स्वतः आवरायला घेतो. आमच्याकडे दोनच यंत्रं: सर्व्हर आणि बॅकअपचा छोटा डबा. पण पंगतीची रीत दोघांतही पाळली जाते. हे ज्याने कुणी लिहिलं त्याच्या घरी कार्यं होत असणार.

आता खरा प्रश्न आला: कधी? नटला वेगळं सांगितलं नाही तर तो बॅटरी अगदी आटल्यावरच हलतो. पण बॅटरी स्वतःबद्दल जे सांगते त्यावर माझा विश्वास नाही. तीन वर्षांची झाली की ती शंभर टक्के म्हणते आणि थोड्याच वेळात मान टाकते. आमच्या ओळखीत अशी माणसंही आहेत. तेव्हा टक्के सोडून मिनिटं धरायची ठरवली. किती मिनिटं, हे पुस्तकात मिळेना. वायरमनभाऊंना गाठलं. ते चहाच्या टपरीवर, खांबावर चढायचा झुला खांद्यावर, हातमोजे खिशात.

“भाऊ, लाइट गेली की किती वेळात येते?”

“फीडर ट्रिप झाला असेल तर सबस्टेशनवाला लगेच परत चालू करून ट्राय घेतो. थांबला तर दोन मिनिटांत आली.”

“आणि नाही थांबला तर?”

“मग फांदी पडली असेल, नाही तर पिन इन्सुलेटर फुटला असेल. परमिट घ्यायचं, लाइन चालत जायची, शोधायचं, चढायचं. रात्र असली तर…” त्यांनी कप खाली ठेवला. “दोन मिनिटांत आली नाही तर मी येईपर्यंत येत नाही.”

एका वाक्यात गावाचं सगळं विद्युतशास्त्र आलं. दोन मिनिटं ट्रायची, दोन माझ्या स्वभावाची. चार मिनिटं वाट बघायची आणि आवरायला घ्यायचं, मग बॅटरीत बरंच बळ उरलेलं असेना का. साहेब म्हणाले, बॅटरी शिल्लक असताना बंद करणं ही उधळपट्टी. मी म्हटलं, शिल्लक आहे म्हणूनच नीट बंद होतोय. पतसंस्थेच्या मॅनेजरला शिल्लकेचं महत्त्व मला समजावून सांगावं लागलं, हे मी सहसा कुणाला सांगत नाही.

त्या रात्री घरी हे सगळं कौतुकाने आईला सांगितलं. ती मागच्या दारी चुलीपाशी होती. गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी चुलीवरच. आणि रात्री निजण्याआधी ती निखारे गोळा करून वर राख ओढते. बाहेरून बघाल तर चूल विझलेली. पहाटे राख बाजूला केली, चार चिपाडं ठेवली, फुंकर घातली की जाळ. तिने सगळं ऐकून घेतलं, राखेवरून चिमटा फिरवला आणि विचारलं, “बंद झाला ते बरं झालं. सकाळी त्याला फुंकर कोण घालतो?”

मी म्हटलं, “आई, ते मशीन आहे. लाइट आली की आपोआप.”

पुढच्या दुसऱ्या शनिवारी, संस्थेला सुट्टी बघून, चाचणी. साहेब, मामा, दोन पिग्मी एजंट, आणि चाचणीशी काही संबंध नसलेले शेजारचे झेरॉक्सवाले. मामांनी नारळ आणला होता. ओल्या फरशीवर तो तिसऱ्या फटक्याला फुटला. मी भिंतीतून यूपीएसचा प्लग ओढला. पीं-पीं-पीं-पीं. चार मिनिटं कुणी बोललं नाही. मग सर्व्हरचा दिवा लुकलुकला, पंख्याचा आवाज उतरत गेला आणि बंद. टाळ्या. साहेबांनी हात मिळवला. मी रुबाबात प्लग परत लावला.

काही झालं नाही. यूपीएसचा दिवा हिरवा, सर्व्हर ढिम्म. एक मिनिट, दोन मिनिटं. झेरॉक्सवाले म्हणाले, “नारळ कुजका होता काय?”

गोम अशी होती. सर्व्हर शहाण्यासारखा बंद झाला, पण यूपीएस चालूच. सर्व्हरच्या पाठीत वीज होतीच. ती गेलीच नाही, तर ‘परत आली’ हे त्याला कळणार कसं? आणि हे चाचणीतच होतं असं नाही. पाचव्या मिनिटाला, सर्व्हर मिटत असतानाच लाइट आली, तरी तेच. गावभर उजेड आणि खोका सोमवारपर्यंत निद्रिस्त. आईची फुंकर मला मॅनेजरसाहेबांच्या खोलीत, चार माणसांदेखत ऐकू आली.

उपाय नटमध्ये होता, मी वाचला नव्हता. सर्व्हर मिटता मिटता शेवटचा निरोप यूपीएसला देतो: मी निघालो, आता तूही मालव. यूपीएस वीस सेकंद थांबून खरंच सगळं तोडतो. बाहेर लाइट आधीच आलेली असली तरी तोडतो. मग लाइट असेल, किंवा येईल तेव्हा, जरा दम खाऊन पुन्हा वीज सोडतो, आणि सर्व्हरला वाटतं, आली!

तरीही उठेना. सर्व्हरच्या पोटातल्या सेटिंगमध्ये एक प्रश्न असतो, वीज परत आल्यावर काय करू? उत्तरं तीन: बंदच राहा, चालू हो, किंवा आधी जसा होतास तसा हो. कोणीही समंजस माणूस तिसरं निवडेल. मीही निवडलं होतं. पण वीज तुटली त्या क्षणी सर्व्हर काय होता? नीट, रीतसर, बंद. म्हणून तो वीज आल्यावर इमानदारीने तसाच राहिला. त्याला मधलं उत्तर द्यायचं असतं.

तिसऱ्या चाचणीला फक्त मामा होते. प्लग काढला, चार मिनिटं, पंखा उतरला, वीस सेकंदांनी यूपीएस ‘टक्’ करून मेला. प्लग लावला. मामा घड्याळ बघत होते. अर्ध्या मिनिटानंतर पुन्हा ‘टक्’, आणि पंखा घुमला. मामांनी हात जोडले. मला की लक्ष्मीला ते विचारलं नाही.

त्यानंतर तीन पावसाळे झाले. गेल्या जुलैत एका सकाळी साहेब म्हणाले, “रात्री काय सुंदर झोप लागली. लाइटसुद्धा गेली नाही.” त्यांच्याकडे नवा इन्व्हर्टर आलाय. मी सर्व्हरची नोंदवही उघडून बघितली. २ वाजून १० मिनिटांनी बॅटरीवर. २:१४ ला आवरायला सुरुवात. मग कोरं. ५:४१ ला जाग. मी काही बोललो नाही. मासेवाली काउंटरवर पन्नास भरत होती.

तुमच्या दुकानात, दवाखान्यात, शाळेच्या ऑफिसात यूपीएस असेल तर त्याचा खोका अजून माळ्यावर असणार, आपण खोके टाकत नाही. तो खाली काढा. थर्माकोलखाली, पिशवीत, ती वायर असेल तर लावा, आणि एखाद्या सुट्टीच्या दिवशी भिंतीतला प्लग स्वतःच्या हाताने ओढून बघा. परत लावल्यावर उठतो की नाही तेही बघा.